इंजेक्शन स्वस्तात मिळेल गं, पण ते चढताना शेजारी कोण बसणार?

पत्र आलंय ते असं:

"ताई नमस्कार. मी कागल तालुक्यातली, वय ३८, वजन ५२ किलो. दोन महिने झाले जिना चढला की धाप लागते, केस गळतात, पाय ओढल्यासारखे होतात. रक्त तपासलं तर एचबी ७.४ आलं. पाळीत पहिल्यापासून खूप जातं, आता तर आठ आठ दिवस चालतं. लोहाच्या गोळ्या तीनदा चालू केल्या आणि मळमळतं, पोट साफ होत नाही म्हणून तीनदा सोडल्या. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी एफसीएम नावाचं लोहाचं इंजेक्शन लिहून दिलंय, पण दवाखान्याचं सगळं धरून आकडा ऐकला आणि घरात सगळे गप्प झाले. दीर म्हणतो त्याच्या ओळखीचा एकजण तेच इंजेक्शन निम्म्या किमतीत देतो. आमच्या गल्लीत एक दादा आहेत, आधी कुठल्यातरी दवाखान्यात कंपाउंडर होते, ते घरी येऊन सलाईन लावतात. शेजारच्या काकी म्हणतात कमरेत दहा सुया घे, आमच्या वेळी तसंच होतं. काय करू? किती घ्यायची, घरी घेतलं तर चालतं का? तोवर गूळ-शेंगदाणे आणि बीट चालू आहे, माहेर गंगावेशीत आहे, गेले की आई कट्ट्यावरचं ताजं दूध ग्लासभर पाजते, रक्त वाढेल म्हणून."

अगं, तुला अहो-जाहो करत बसले तर नीट बोलता येणार नाही, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, तेव्हा सरळ तूच म्हणते. आणि आधी सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. शाहूपुरीत बावीस वर्षं माझं मेडिकल होतं, त्याआधी हॉस्पिटलच्या फार्मसीत होते, त्यामुळे ही इंजेक्शनं कुठून येतात, कशी विकली जातात आणि कुठं गडबड होते ते बऱ्यापैकी माहीत आहे. बाकीचं तुझ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टरांनी काही उगाच महागडं लिहून दिलेलं नाही. ७.४ हे खूप कमी आहे, बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात आणि ८ च्या खाली गेलं की तीव्र. गोळी तुला सोसत नाही, वरून दर महिन्याला रक्त जातंच आहे, म्हणजे नळ चालू ठेवून चमच्यानं बादली भरायची अशातली गत. अशा वेळी शिरेतून लोह देणं हाच बरा रस्ता असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त आज-उद्यात कधी बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, उभं राहिल्यावर डोळ्यापुढं अंधारी येऊन पडलीस, तर हे पत्र-बित्र सगळं बाजूला ठेवून सरळ सीपीआरच्या (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) कॅज्युअल्टीत जायचं, कारण तेव्हा लोह नाही, रक्त चढवायची वेळ आलेली असू शकते. लोहाचं इंजेक्शन कितीही भारी असलं तरी त्यातून रक्त तयार व्हायला दोन-चार आठवडे जातातच.

आता गोळ्यांचं बघू, कारण इंजेक्शन घेतलं तरी पुढं कधीतरी गोळीवर यावंच लागेल. तीनदा सोडल्या त्यात तुझी चूक नाही, पण मी पैज लावते की गोळी सकाळच्या चहाबरोबर किंवा नाश्ता झाल्या झाल्या घेत होतीस, आणि मळमळ होते म्हणून सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी पण. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी, अ‍ॅसिडिटीची गोळी, हे चौघंही लोह अंगात जाऊ देत नाहीत. म्हणजे त्रास पुरा आणि फायदा अर्धा. आता नवीन पद्धत अशी आहे की रोज दोन-दोन गोळ्या गिळण्यापेक्षा एक दिवसाआड एकच घ्यायची, लिंबूपाण्याबरोबर, चहाच्या निदान दोन तास लांब. एक गोळी घेतली की अंगात हेपसिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते पुढचा दिवसभर आतड्याचं दार ओढून घेतं, त्यामुळे लगेच दुसरी घेतली तर ती बरीचशी संडासवाटेच जाते, आणि तीच पोट बिघडवते. संडास काळी होते त्याला घाबरायचं नाही, लोहानं होतेच. पण डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली तर ते वेगळं, ते दाखवायचं.

आणि गंगावेशीचं दूध. आईला काही बोलू नको, त्या कट्ट्यावरच्या म्हशीच्या धारोष्ण दुधाचा मला पण नाद आहे. पण दुधात लोह नसल्यात जमा आणि कॅल्शियम भरपूर, त्यामुळे गोळीच्या वेळेला दूध म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. संध्याकाळी पी, गोळी सकाळी घे. गूळ आपला कोल्हापूरचा, त्याच्याबद्दल वाकडं बोलले तर घरात घेणार नाहीत मला, पण त्यात लोह असतं ते थोडं, आणि ७.४ वरनं १२ वर यायला जेवढं लागतं तेवढा गूळ खाल्लास तर आधी शुगर येईल. बीट तर नुसतं रंगानं फसवतं. मटण खात असशील तर कलेजी खा, रक्ती खा, त्यातलं लोह अंगाला पटकन लागतं (तांबडा रस्सा नुसता तांबडा असतो म्हणून रक्त वाढत नाही, एवढं मात्र सांगते). खात नसशील तर कडधान्यं, पालेभाजी, वरून लिंबू पिळून. पण हे सगळं घसरण थांबवायला, खड्डा भरायला नाही.

खड्डा केवढा आहे ते आता मोजून दाखवते, म्हणजे डॉक्टरांनी एवढं का लिहिलं ते कळेल. एक जुना हिशेब आहे, गान्झोनीचं सूत्र म्हणतात त्याला. वजन गुणिले पाहिजे ते एचबी वजा असलेलं एचबी, गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. तुझं वजन ५२. पाहिजे ते १५ धरतात, असलेलं ७.४, फरक ७.६. बावन्न गुणिले ७.६ म्हणजे ३९५, त्याला २.४ नं गुणलं की साधारण ९४८, वर ५०० साठ्याचे, झाले १४५० मिलिग्रॅमच्या आसपास. आता जेवणातनं दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह अंगाला लागतं. आणि पाळीत ८० मिलीच्या वर रक्त गेलं की त्याला जास्त म्हणतात, निरोगी बाईच्या तेवढ्या रक्तात चाळीसेक मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे महिनाभर खाऊन जेवढं मिळवलं तेवढं पाळीच्या आठवड्यात गेलं. बाकी शून्य, आणि तुझी बाकी वजा १४५०.

हे १४५० भरायचे दोन रस्ते आपल्याकडं आहेत. एक आयर्न सुक्रोज, जुनं आणि स्वस्त. ५ मिलीच्या अँप्युलमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, एका वेळी सहसा २०० देतात, म्हणजे दोन अँप्युल १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये घालून अर्धा तास, आणि एक दिवसाआड. आठवड्याला ६०० च्या वर नाही. तुझ्या हिशेबानं सात वेळा यावं लागेल. दुसरं तुला लिहून दिलंय ते एफसीएम, फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज. ह्याच्या १० मिलीच्या व्हायलमध्ये ५०० मिलिग्रॅम असतं आणि एका बैठकीत १००० पर्यंत देता येतं, पंधरा-वीस मिनिटांत, मग आठवड्यानं उरलेले ५००. म्हणजे दोन फेऱ्यांत काम. वजन कमी असेल तर एका वेळचा डोस पण कमी करतात, ते डॉक्टर वजनावरून ठरवतात, म्हणून तिथं गेल्यावर खरोखर काट्यावर उभी रहा, अंदाजे सांगू नको.

आता खर्चाचं बघ. सुक्रोजची अँप्युल स्वस्त, पण सात वेळा एसटी, सात वेळा सलाईनचा सेट, सात वेळा सुई, सात वेळा मजुरी बुडणार किंवा कुणाला तरी घरी मुलांपाशी बसवायचं. एफसीएमची बाटली महाग, पण दोनदा. बऱ्याच घरांचा हिशेब शेवटी सारखाच येतो, आणि सुक्रोज चालू केलेल्या बायका मी कितीतरी बघितल्यात की तिसऱ्या-चौथ्या फेरीला दमल्या, थोडं बरं वाटायला लागलं, आणि उरलेलं राहिलं ते राहिलंच. वर्षानं परत तेच ७.८.

आणि एक, एफसीएम आधी एवढं महाग होतं त्याला पेटंट हे मोठं कारण होतं. आपल्याकडं ते २०२३ मध्ये संपलं, त्यानंतर कितीतरी कंपन्यांनी तेच औषध काढलं आणि भाव खाली आले. त्यामुळे डॉक्टरांना सरळ विचार, की डॉक्टर ह्यातलंच दुसऱ्या कंपनीचं स्वस्त चालेल का. लाजू नको. चांगला डॉक्टर चिडत नाही, उलट दोन नावं लिहून देतो. मग दोन-तीन मेडिकलमध्ये फोनवर भाव विचारायचा, छापील किमतीवर किती कमी करता ते पण विचारायचं, ह्या इंजेक्शनांत कमी होतं. जन औषधी केंद्रात पण चौकशी कर.

पण त्याच्याही आधी फुकटचा रस्ता बघ की. सीपीआर आहे, तुझ्या तालुक्याला कागलचं ग्रामीण रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात लोहाची इंजेक्शनं येतात, ॲनिमिया मुक्त भारत ही योजना २०१८ पासून चालू आहे, गरोदर बायकांसाठी जास्त करून वापरतात पण म्हणून तुझ्यासारखीनं विचारायचंच नाही असं थोडंच आहे. आधी गावातल्या आशाताईला गाठ, तिला माहीत असतं सध्या कुठं साठा आहे. मग सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. रांग असते, बाकडं मोडकं असतं, मान्य. पण एक गोष्ट तिथं असते जी तुझ्या गल्लीतल्या दादाकडं नाही, तीच आता सांगते.

तुझ्या पत्रात पैशापेक्षा मला जास्त काळजी वाटली ती ह्या "घरी येऊन" ची. दादांचा हात चांगला असेल, शीर पटकन सापडत असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लोहाचं इंजेक्शन हे काही गावाकडं अशक्तपणाला लावतात तसलं पिवळं सलाईन नव्हे. (त्या पिवळ्यात लोह नसतंच मुळी, बी-कॉम्प्लेक्सचा रंग असतो तो, चार-पाचशे रुपयांची लघवी पिवळी होते एवढंच.) लोहाच्या सलाईननं क्वचित, फार क्वचित, पण अंगावर उलटतं. ओठ-जीभ सुजते, घशात घरघर, अंगावर गांधी उठतात, बीपी एकदम खाली. अशा वेळी मिनिटांचा खेळ असतो, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीत द्यावं लागतं, ऑक्सिजन लागतो, आणि हे ओळखणारा माणूस लागतो. म्हणूनच नियम असा की ही इंजेक्शनं जिथं हे सगळं हाताशी आहे तिथंच द्यायची आणि संपल्यावर अर्धा तास पेशंटला बसवून ठेवायचं. घरच्या कॉटवर, बाहेर कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, दादा दुसऱ्या घरी सलाईन बदलायला गेलेले, अशात तुझा ओठ सुजायला लागला तर कागल गाठेपर्यंत काय करणार? माझ्या मते बाटलीची किंमत ही त्यातली लहान किंमत आहे. खरे पैसे तू त्या अर्ध्या तासाचे आणि शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरचे देत असतेस. तिथं काटकसर करायची नाही.

ह्याच्या उलट पण एक होतं, ते माहीत असलं की घाबरगुंडी उडत नाही. सलाईन चालू झाल्यावर पाच-दहा मिनिटांत कधी कधी तोंड लालबुंद होतं, छाती किंवा पाठ आवळल्यासारखी वाटते, पण श्वास नीट असतो, बीपी नीट असतं, सूज नसते. ही अ‍ॅलर्जी नव्हे. सलाईन बंद करून पंधरा मिनिटं थांबलं की आपोआप जातं, मग हळू वेगानं परत चालू करतात. अशा वेळी घाईघाईत अ‍ॅव्हिल मारायची आपल्याकडं फार सवय आहे, त्यानंच कधी बीपी पडतं, पेशंट पेंगतो आणि मग सगळ्यांना वाटतं मोठी रिअ‍ॅक्शन आली. तोंडात लोखंडाची, पैसे चघळल्यासारखी चव आली तर ती नेहमीचीच, लिमलेटची गोळी ने सोबत. पुढचे एक-दोन दिवस अंग दुखलं, कणकण वाटली तर पॅरासिटामॉल. तुला दमा असेल, आधी कुठल्या औषधानं अंगावर उठलं असेल, सांधेवाताचा आजार असेल तर हे सुई टोचायच्या आधी सांगायचं, नंतर नाही.

काकींच्या कमरेतल्या सुयांचं. त्यांच्या वेळी होत्या खऱ्या, वेगळं औषध होतं ते. लई दुखायच्या, कातडी तपकिरी पडायची, आणि आत किती मुरलं त्याचा भरवसा नाही. आताची ही दोन्ही, सुक्रोज आणि एफसीएम, फक्त शिरेतून द्यायची. कमरेत नाही, दंडात नाही, कातडीखाली नाही. कुणी म्हणालं की व्हायल तीच, कमरेत मारून देतो, तर तिथनं उठून यायचं. जुन्या आयर्न डेक्स्ट्रानला आधी थोडंसं टोचून बघायचे, टेस्ट डोस म्हणून, ह्या दोघांना ती पद्धत नाही. टेस्ट डोस सोसला म्हणजे पुढं काही होणार नाही असंही नसतं, त्यामुळे कुणी "टेस्ट केलीय, आता घरी लावतो" म्हणालं तरी नको.

डागाचं एक सांगायचंच राहिलं असतं. माझ्या सख्ख्या बहिणीला एका दवाखान्यात सुक्रोज लावलं, इंट्राकॅथ (शिरेत बसवतात ती बारीक नळी) शिरेतून थोडी सरकलेली, तिला चरचरत होतं पण ही बाई संकोची, सिस्टर कामात आहेत, कशाला त्रास द्या म्हणून गप्प बसली. लोह शिरेबाहेर गेलं. आता सहा वर्षं झाली, मनगटाच्या वर चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग आहे तो आहे, लांब बाहीचे ब्लाऊज शिवते. त्यामुळे सलाईन चालू असताना तिथं चुरचुरलं, फुगलं, ओढल्यासारखं झालं की मोठ्यांदा ओरडायचं, "सिस्टर, बंद करा." लाजायचं नाही. सुरुवातीला साधं सलाईन थोडं सोडून शीर बरोबर आहे का ते बघतात, तेवढं बघायला सांग. आणि हे फक्त साध्या नॉर्मल सलाईनमध्येच मिसळतात, ग्लुकोजच्या बाटलीत नाही, त्यात अजून ताकदीचं काहीतरी घालायचं नाही.

बरं, आता दिराचा ओळखीचा माणूस. निम्म्या किमतीत मिळतं म्हणजे काय काय असू शकतं ते माझ्या दुकानातल्या अनुभवावरून सांगते. एक, खरोखर होलसेलचा भाव असेल आणि माणूस सरळ असेल, मग तो बिल देईल. दोन, डॉक्टरांना दिलेलं सॅम्पल असेल, त्यावर छापलेलं असतं की विक्रीसाठी नाही. तीन, सरकारी पुरवठ्यातलं बाहेर आलेलं, त्यावर पण तसा शिक्का असतो, आणि मग ते तुझ्यासारख्याच एखाद्या बाईच्या वाटचं आहे हे लक्षात घे. चार, तारीख संपत आलेलं. पाच, कुणाच्या तरी अर्ध्या वापरलेल्या व्हायलमधलं, हे पण बघितलंय मी, "पाचशेच लागलं, उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलंय" म्हणून. ही व्हायल एकदा टोचली की त्याच वेळी वापरायची, उरलं तर फेकायचं, महाग आहे म्हणून जपून ठेवायची वस्तू नाही ती. आणि सहा, सरळ बनावट. शिरेत जाणाऱ्या औषधात बनावट म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको.

त्यामुळे औषध घ्यायचं ते लायसन्स असलेल्या मेडिकलमधून, चिठ्ठी दाखवून, पक्कं बिल घेऊन. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते, ती व्हायलवरच्याशी जुळवून बघायची, डोळ्यानं, तिथंच काउंटरवर. दुकानदारानं तोंड वाकडं केलं तर करू दे. सील अखंड पाहिजे. औषध गडद तपकिरी असतं, तळाला गाळ नको. नाव पूर्ण वाचायचं, कारण एकाच ब्रँडच्या नावाखाली गोळी पण असते, सुक्रोज पण असतं आणि एफसीएम पण, शेवटची दोन-तीन अक्षरंच काय ती वेगळी. माझ्या दुकानात असा गोंधळ होता होता दोनदा वाचलाय. सुक्रोजची शंभरची अँप्युल आणि एफसीएमची पाचशेची व्हायल ह्यांचे डोस वेगळे, वेग वेगळा, एकाच्या जागी दुसरं लावलं तर महागात पडेल. घरी आणलं तर फ्रीजरमध्ये कोंबायचं नाही, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायचं नाही, कपाटात गार जागी ठेवायचं. खरं म्हणजे ज्या दवाखान्यात घेणार तिथलंच औषध घेतलेलं सोपं पडतं, बाहेरून आणणार असशील तर आधी विचार, बरेच दवाखाने बाहेरचं लावत नाहीत आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही.

इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना तीन-चार गोष्टी विचार. फेरिटिन केलं का? ते लोहाचा साठा सांगतं, १५ च्या खाली असेल तर नक्की कमतरता, ३० च्या खाली असलं तरी बहुतेक तेच. अंगात ताप-इन्फेक्शन असताना ते खोटं वाढतं, आणि इन्फेक्शन चालू असताना हे इंजेक्शन देतही नाहीत. दुसरं, बी-१२ बघितलं का, ते कमी असेल तर नुसत्या लोहानं गाडी पुढं जात नाही. तिसरं, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे जन्मापासूनचा रक्ताचा दोष, तर नाही ना. त्यात पण एचबी कमी आणि पेशी बारीक दिसतात, पण लोह कमी असतंच असं नाही, उगाच लोह भरत बसलं तर ते अंगात साठतं, बाहेर टाकायची सोय शरीराला नाही. आणि दिवस गेले नाहीत ना, हे बघून घे, पहिल्या तीन महिन्यांत हे देत नाहीत.

आणि सगळ्यात मोठं, जे तू पत्रात एका ओळीत लिहून पुढं गेलीस. आठ आठ दिवस पाळी. दोन तासाला पॅड बदलावं लागतं का? गाठी पडतात का, रुपयाच्या नाण्याएवढ्या? रात्री उठावं लागतं? ह्यातलं एक जरी हो असेल तर पोटाची सोनोग्राफी आणि थायरॉईड करून घे. फायब्रॉईड (गर्भपिशवीतली गाठ) असू शकतं, अजून काही असू शकतं, आणि प्रत्येकाला पिशवी काढणं हेच उत्तर नसतं, हे मी मुद्दाम सांगते कारण आपल्या भागात पस्तिशी ओलांडली की पिशवी काढून टाका म्हणणारे लई आहेत. पाळीतलं रक्त कमी करायच्या गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आहे, हे आधी विचार. मूळव्याधीचं रक्त जातंय का, पेनकिलर रोज खातेस का, शेतात अनवाणी जातेस का (जंत, त्यातला हुकवर्म रक्तच पितो, एक अल्बेंडाझोलची गोळी स्वस्तात काम करते), हे पण मोकळेपणानं सांग. भोक न बुजवता लोह भरलं तर पुढच्या वर्षी तू मला हेच पत्र परत लिहिशील.

इंजेक्शन झालं की गोळ्या निदान पाच दिवस बंद, दोन्ही एकदम घेऊन फायदा नाही. पहिल्या आठवड्यातच उत्साह आला नाही म्हणून हिरमुसू नको. महिन्यानं एचबी कर, दोन-एक ग्रॅमनं वर आलं असेल तर बरोबर चाललंय. फेरिटिन मात्र लगेच करू नको, इंजेक्शननंतर ते काही आठवडे उगाच आकाशाला भिडलेलं दिसतं, दोन-तीन महिन्यांनी केलेलं खरं. आणि एफसीएमचं एक खास लक्षात ठेव, त्यानं काहींच्या रक्तातलं फॉस्फेट कमी होतं, विशेषतः परत परत घेतलं तर. म्हणजे एचबी चांगलं ११ वर आलं तरी हाडं दुखतायत, मांड्यांत जोर नाही, दमणूक वाढलीच आहे, असं झालं तर "अजून एक लोहाचं लावू" म्हणण्याआधी फॉस्फेट तपासायला सांग. ही तपासणी फार जणांच्या डोक्यात येत नाही, तू आठवण कर.

जायच्या दिवशी उपाशी जाऊ नको, नाश्ता करून जा, पाणी पी, सैल बाहीचा ड्रेस घाल, जुने सगळे रिपोर्ट पिशवीत. गंगावेशीतनं सीपीआर लांब नाही, आदल्या रात्री माहेरी राहिलीस तर सकाळची रांग लवकर धरता येईल, आणि आई सोबत बसेल. दूध तिला संध्याकाळी द्यायला सांग.

दिराला चार पैसे वाचवायचेच असतील तर सांग त्याला, गाडीवरून सोडून दे आणि घ्यायला ये, पेट्रोल तेवढं तुझं.